सम म्हणजे काय, हा शब्द आला कोठून आणि ती कानाने कशी ओळखावी

खानदेशात गाण्याशी संबंध असलेल्या माणसाच्या तोंडी 'सम' हा शब्द कधी ना कधी येतोच. हरिनाम सप्ताहात पखवाजावर बसलेला गडी नवख्या गाणाऱ्याला "समेवर या, माउली" असे म्हणतो, जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात बसलेला जाणता श्रोता गायक समेवर उतरताच नकळत हात खाली आणतो आणि संगीताच्या वर्गात परीक्षेची तयारी करणारी मुले वहीत तालाच्या पहिल्या मात्रेखाली (मात्रा म्हणजे तालाच्या मोजणीचा एक ठोका) फुली मारतात. तिघेही एकाच गोष्टीविषयी बोलत असतात. तरीही 'सम म्हणजे काय' असे विचारले, तर बहुतेकांकडून 'तालाची पहिली मात्रा' एवढेच उत्तर मिळते. परीक्षेपुरते ते बरोबर आहे. कानाला मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण चालू ठेक्यातील, म्हणजे तबल्यावर फिरून फिरून वाजणाऱ्या तालाच्या ठरलेल्या बोलांतील, कोणतीही मात्रा आपला क्रमांक सांगत येत नाही. म्हणून या लेखात आधी शब्दाचा अर्थ आणि त्याचा उगम पाहू आणि नंतर ती जागा ऐकून कशी सापडते याची रीत सविस्तर पाहू.

ताल चक्राकार चालतो आणि त्याच्या एका फेरीला आवर्तन म्हणतात. तीनतालाचे आवर्तन सोळा मात्रांचे असते. सोळावी मात्रा झाली की पुन्हा पहिली येते, आणि ही पहिली मात्रा म्हणजे सम. येथे एक बाब नीट ध्यानात घ्यावी. मागचे आवर्तन पुरे झाल्याची जाणीव सोळाव्या मात्रेवर होत नाही, ती पुढच्या पहिल्या मात्रेवर होते. याचा अर्थ सम ही जशी आरंभाची जागा आहे तशीच, किंबहुना त्याहून अधिक, पोहोचण्याची जागा आहे. आपली बोलण्याची रीतही हेच सांगते. गायक 'समेवर येतो', 'सम गाठतो', 'सम साधतो', असे आपण म्हणतो. 'समेपासून निघाला' असे क्वचितच कोणी म्हणेल. सम शोधताना कान आरंभाकडे न लावता आगमनाकडे लावावा, ही या संपूर्ण रीतीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

आता शब्दाच्या उगमाकडे वळू. 'सम' हा शब्द संस्कृतातून आलेला आहे आणि त्याचा साधा अर्थ सारखा, बरोबरीचा किंवा एकत्र असा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात तालाचा विचार हाताच्या क्रियांवरून केलेला आहे. टाळीसारख्या आवाज करणाऱ्या क्रिया सशब्द आणि नुसता हात हलवून दाखवण्याच्या क्रिया निःशब्द मानलेल्या आहेत. गीत आणि हाताची क्रिया यांच्या परस्परसंबंधाला तेथे 'पाणि' म्हटले आहे आणि त्याचे समपाणि, अवपाणि व उपरिपाणि असे तीन प्रकार सांगितले आहेत. पुढे तेराव्या शतकात, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ रचला. त्याच्या सात अध्यायांपैकी पाचवा तालाचा आहे आणि त्यात हाच विचार 'ग्रह' या नावाने येतो. गीत आणि ताल एकाच क्षणी सुरू झाले तर तो समग्रह. गीत आधी सुरू होऊन ताल मागून आला तर अतीतग्रह. ताल आधी सुरू होऊन गीत मागून आले तर अनागतग्रह.

खानदेशच्या वाचकाला हा सिंघण परका नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे, म्हणजे आपल्या पाटणादेवीच्या परिसरात सापडलेल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे, आणि हा चांगदेव सिंघणाच्याच दरबारी ज्योतिषी होता. शार्ङ्गदेवाच्या आजोबांचेही नाव भास्करच होते. मात्र ते काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या घराण्यातील होते, त्यामुळे या दोन भास्करांची गल्लत करू नये. ग्रहगणिताचा मठ आणि तालाचे शास्त्र या दोहोंचा एकाच राजाशी संबंध असावा, हे मला फार मोलाचे वाटते. आवर्तन, काल, मात्रा यांचा सूक्ष्म विचार करणारी माणसे तेव्हा याच मुलखात आणि त्याच्या शेजारी वावरत होती.

ग्रंथातील या व्याख्या वाचल्या की एक गोष्ट उघड होते. मुळात 'सम' हे कोणत्याही मात्रेचे नाव नव्हते. गीत आणि ताल एकत्र येण्याचे ते नाव होते. आज आपण आवर्तनातील एका ठरलेल्या जागेला सम म्हणतो, कारण ख्यालात, भजनात किंवा गतीत (वाद्यावर वाजवायच्या रचनेत) गीत आणि ताल पुन्हा पुन्हा जेथे भेटतात ती जागा हीच असते. संबंधाचे नाव पुढे स्थळाला चिकटले, असे मला वाटते. पण जुना अर्थ मेलेला नाही. नुसता तबला वाजत असेल तर सम ही मोजणीतील एक जागा असते. चीज, म्हणजे गायची बंदिश, सुरू झाली की तिच्यात जीव येतो, कारण तेव्हा तेथे कोणीतरी कोणाला तरी भेटणार असते.

आता रीत. सुरुवात तीनतालापासून करावी, कारण तो सर्वत्र ऐकायला मिळतो आणि त्याची रचना कानाला लवकर कळते. त्याचा ठेका असा आहे: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्यावी. नवव्या मात्रेवर टाळी न देता हात बाजूला न्यावा, ती खाली. मोबाइलवरील तबल्याच्या ॲपमध्ये हा ठेका मिनिटाला १२० मात्रांच्या गतीने लावला, तर एक आवर्तन आठ सेकंदांत पुरे होते. नवशिक्याला ही गती सोयीची पडते. पहिल्या दिवशी ठेक्याबरोबर बोल मोठ्याने म्हणावेत आणि हात चालू ठेवावा. दुसऱ्या दिवसापासून बोल मनात म्हणावेत. आकडे मोजण्याची सवय मात्र लावून घेऊ नये. एक ते सोळा मोजणाऱ्याचे लक्ष आकड्यांकडे राहते, ठेका कानाआड जातो आणि मध्येच कोणी काही विचारले की सगळेच सुटते. बोल म्हणणारा चुकला तरी पुढचा ओळखीचा बोल ऐकून परत जागेवर येतो.

यानंतर तबलजीच्या डाव्या हाताकडे लक्ष द्यावे. माझ्या मते सम ओळखण्याची खरी किल्ली डग्ग्यात, म्हणजे डाव्या हाताने वाजवायच्या तबल्याच्या जोडीदारात, आहे. 'धा' आणि 'धिं' या बोलांत डग्ग्याचा घुमारा असतो. 'ता' आणि 'तिं' यांत तो नसतो, तेथे फक्त उजव्या हाताचा तबला बोलतो. तीनतालात खाली नवव्या मात्रेवर दाखवतात, पण त्या मात्रेवर 'धा' असल्यामुळे डग्गा अजून वाजतच असतो. घुमारा खरोखर थांबतो तो दहाव्या मात्रेपासून, आणि दहा, अकरा, बारा व तेरा या चार मात्रा कोरड्या जातात. चौदाव्या मात्रेच्या 'धिं'वर डग्गा परत येतो. तो परत आला की समेला तीनच मात्रा उरल्या: धिं, धिं, धा आणि मग सम. मैफलीत डोळे मिटून बसावे, बाकी सर्व विसरून डग्गा कोठे गप्प होतो एवढेच ऐकावे, आणि तो पुन्हा बोलू लागला की तीन मात्रा मनात धरून हात खाली आणावा. काही आवर्तनांतच हात बरोबर पडू लागतो. कसलेला तबलजी ठेक्यात भर घालून वाजवत असला, तरी घुमारा थांबण्याची आणि परतण्याची ही वेळ तो सहसा मोडत नाही. श्रोत्याला आणि गायकाला धरून ठेवणारी खूण तीच असते.

डग्ग्याची खूण पटली की गीताकडे वळावे. बंदिशीच्या पहिल्या ओळीचा जो तुकडा गायक पुन्हा पुन्हा घेतो, त्याला मुखडा म्हणतात. मुखडा बहुधा समेच्या आधी सुरू होतो. तीनतालातील कित्येक मध्यलयीच्या बंदिशी खालीवरून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उचलल्या जातात. काही सातव्या किंवा बाराव्या मात्रेवरून उठतात. येथेच नवशिक्याची फसगत होते. शब्द जेथे सुरू झाले तेथेच सम, असे त्याला वाटते आणि त्याचा हात अर्धे आवर्तन आधीच पडतो. यावर उपाय असा की, ओळ कोठे सुरू होते हे न पाहता ओळीतील कोणत्या अक्षरावर वजन येते ते पाहावे. गायक प्रत्येक वेळी त्याच एका अक्षरावर येऊन टेकतो, आणि नेमक्या त्याच क्षणी तबल्यावर 'धा' पडतो. ते अक्षर एकदा सापडले की कागदावर ओळ लिहून त्याच्याखाली खूण करावी. आलाप, बोलतान किंवा तान घेऊन गायक कितीही दूर गेला, तरी त्याने मुखडा उचलला की ते अक्षर आता येणार हे आपल्याला आधीच कळते, आणि संपूर्ण सभागृह ज्या क्षणाची वाट पाहत असते त्या क्षणात आपलाही वाटा असतो.

भजनातही हीच रीत चालते. फक्त आवर्तन लहान असते. आपल्या मंडळांत धुमाळी, केरवा आणि भजनी ठेका यांचा वापर अधिक, आणि हे सर्व आठ मात्रांचे आहेत. अभंगाची चाल पुष्कळदा समेच्या किंचित पुढून किंवा मागून उठते. तेव्हा टाळकऱ्याने चाल सुरू झाल्याबरोबर टाळ वाजवण्याची घाई करू नये. ध्रुपदाची, म्हणजे अभंगाच्या पालुपदाची, एक ओळ पुरी ऐकावी, वजनाचे अक्षर हेरावे आणि मगच टाळ धरावा. मंडळात एकाने चुकीच्या जागी टाळ धरला की शेजारचे दोघेतिघे त्याच्यामागे जातात, पखवाजवाल्याला आवाज वाढवावा लागतो आणि मागच्या रांगेतून "ताल चुकना" असे ऐकू येते. एक ओळ थांबण्याने हे सगळे टळते.

सम म्हणजे सर्वांत जोरकस मात्रा, अशी जी समजूत आहे ती येथेच दूर केली पाहिजे. रूपक ताल सात मात्रांचा आहे: तिं तिं ना, धिं ना, धिं ना. यात समेवरच खाली आहे. पहिल्या तीन मात्रांत डग्ग्याचा घुमारा नाही; तो चौथ्या मात्रेच्या 'धिं'वर येतो. जोर ऐकून सम ठरवणारा माणूस रूपकात हमखास चौथ्या मात्रेला सम समजतो. धमाराची समही खुल्या 'धा'वर नसून 'क' या बंद बोलावर असते. या दोन तालांवरून आधी सांगितलेली गोष्ट पक्की होते: सम ही आवाजाची मोठाई नाही, ती भेटीची जागा आहे. रूपकातील गीत ऐकताना डग्गा जेथे सुरू होतो त्याच्या तीन मात्रा आधी गायकाच्या शब्दावर वजन आहे का ते पाहावे. तेथे ते सापडेल.

मोठ्या ख्यालाचा विलंबित एकताल मात्र वेगळी शिस्त मागतो. त्याच्या बारा मात्रांचे एक आवर्तन जवळपास मिनिटभराचे असू शकते, आणि एवढ्या संथ गतीत टाळी देऊन काही साधत नाही. ठेका असा आहे: धिं धिं धागे तिरकिट, तू ना कत् ता, धागे तिरकिट धी ना. यात 'धागे तिरकिट' दोनदा येते, आणि तीच आपली वाटेवरची खूण. तिरकिट ऐकले की पुढचा बोल कान देऊन ऐकावा. पुढे 'तू ना' आले, तर आपण आवर्तनाच्या मध्यावर आहोत आणि अजून बराच अवकाश आहे. पुढे घुमाऱ्यासह 'धी ना' आले, तर सम अगदी दाराशी आहे. गायकही साधारण याच सुमारास मुखडा उचलतो. बाकीच्या वेळात मोजणी सोडून द्यावी आणि रागाचा विस्तार ऐकावा. मैफलीला जाऊन केवळ मात्रा मोजत बसलेल्या श्रोत्याच्या पदरात काहीच पडत नाही.

वादन ऐकताना तिहाई ही सर्वांत सोपी वाटाडी आहे. एकच तुकडा तीनदा वाजवून तिसऱ्या वेळचा शेवटचा बोल समेवर आणणे म्हणजे तिहाई. 'तिट कत गदि गन धा' हा पाच मात्रांचा तुकडा घ्या. तीनतालात तो समेपासून सुरू करून दर दोन तुकड्यांच्या मध्ये एक मात्रा सोडली, तर पाच, एक, पाच, एक, पाच अशा सतरा मात्रा होतात आणि शेवटचा 'धा' सतराव्या मात्रेवर, म्हणजेच पुढच्या समेवर पडतो. मध्ये मात्रा न सोडता वाजवायचा असेल, तर पंधराच मात्रा लागतात, म्हणून तुकडा तिसऱ्या मात्रेपासून उचलावा लागतो. हातात तबला नसला तरी हे बोल म्हणून पाहावेत. पहिला तुकडा संपला की श्रोत्याला अंदाज येतो, दुसरा संपला की खात्री होते, आणि तिसऱ्याचा 'धा' पडण्याआधीच हात उठलेला असतो.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी एक सूचना आवश्यक आहे. भातखंडे पद्धतीत समेची खूण फुली (×) आणि खालीची खूण शून्य (०) असते. पलुसकर पद्धतीत समेसाठी १ हा आकडा आणि खालीसाठी अधिकचे चिन्ह (+) वापरतात. फुली जरा तिरकी झाली की ती अधिकचे चिन्ह दिसते, आणि मग एका पद्धतीतील सम दुसऱ्या पद्धतीत खाली वाचली जाते. कोणतेही पुस्तक उघडल्यावर आधी त्यातील चिन्हांची पद्धत कोणती आहे ते पाहावे आणि स्वतःच्या वहीत एकच पद्धत ठेवावी.

सर्वच गाण्यांत सम शोधायची नसते, हेही सांगितले पाहिजे. ख्यालापूर्वीचा आलाप तालाशिवाय चालतो, तेथे सम नाही. जात्यावरची ओवी हाताच्या ओढीवर आणि श्वासावर चालते. ओळ कधी लांबते, कधी आखडते, आणि तिला सोळा किंवा आठ मात्रांच्या चौकटीत बसवू पाहणाऱ्याने तिचे नुकसानच केलेले असते. सातपुड्यात, काठी गावच्या होळीत घुमणारे ढोलही नाचणाऱ्या पावलांशी बांधलेले असतात. त्यांना तबल्याची टाळी-खाली लावू नये. आखाजीची झोक्यावरची गाणी आणि कानबाईची गाणी टाळ्यांवर म्हटली जातात, तेथे वजनाचे अक्षर सहज सापडते. परंतु त्याला सम म्हणण्याआधी ते गाणे म्हणणाऱ्या बाया टाळी कोठे देतात ते पाहावे आणि तीच जागा प्रमाण मानावी.

एवढी तयारी झाल्यावर अतीत आणि अनागत हे शब्द पुन्हा भेटतात. आजच्या मैफलीत त्यांचा वापर ग्रंथातील अर्थाहून थोडा सरकलेला आहे: कलाकाराने हेतुपुरस्सर समेच्या किंचित आधी येऊन टेकणे याला अनागत आणि सम ओलांडून किंचित नंतर टेकणे याला अतीत म्हणण्याचा प्रघात आहे. ही चूक नसून समेची पक्की जाण असलेल्या कलाकाराने घेतलेली मोकळीक असते, आणि ती कळायला श्रोत्याच्या मनातही सम तितकीच पक्की असावी लागते. अशा वेळी गायकाच्या मागे हात वाहू देऊ नये. ठेका आपल्या जागीच चालू असतो. डग्ग्याचा घुमारा धरून ठेवावा, हात ठरलेल्या मात्रेवरच खाली आणावा आणि पुढच्या आवर्तनात गायक त्याच अक्षरावर कसा परत येतो ते ऐकावे.